ना हरकत

माझा थोरला भाऊ वेल्डर होता. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो शिकाऊ म्हणून चिकटला आणि तिथंच मोठा झाला. आमचं घर त्याच गावातलं. जमीन कधीच गेलेली. थोडी कारखान्यांसाठी सरकारनं घेतली, उरलेली भाऊबंदकीत संपली. शेतकरी म्हणवून घ्यायची सवय तेवढी घरात शिल्लक होती. दादाला त्याचं काही वाटत नसे. त्याला वेल्डिंग मनापासून आवडायचं. सुट्टीच्या दिवशीही तो कुणाचं फाटक, कुणाच्या जिन्याचा कठडा जोडून द्यायला जायचा. त्याच्या एकूण एक शर्टांच्या बाह्यांना ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली असायची. आई ती रफू करत बसायची आणि म्हणायची, "चाळणी घालून फिरतंय माझं पोरगं."

कारखाना बंद पडला तेव्हा मी लग्न होऊन बिबवेवाडीला आले होते आणि तिथल्याच एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले होते. मालकानं जागा बिल्डरला दिली. कामगारांनी गेटसमोर मांडव टाकला, काही महिने बसले, मग एकेक जण उठून गेला. दादा बऱ्यापैकी उशिरा उठला. त्याला वाटत होतं, कुणीतरी बोलावील. कॅम्पातल्या एका एजंटाकडे आखाती देशातल्या पाइपलाइनच्या कामासाठी माणसं घेताहेत असं त्याला कळलं. तिथं त्याच्याकडून पाइपाचा जोड करून घेतला, कापून तपासला आणि लगेच पसंत केला. त्या दिवशी तो थेट माझ्या शाळेत आला. हातात जिलबीचा पुडा.

"परीक्षा पास झालो," म्हणाला. "तुझ्यासारखीच. पहिल्या फटक्यात."

वहिनीनं फक्त परत केव्हा येणार ते विचारलं. त्यांची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आईला मात्र काळजी लागली.

"तिकडं ऊन लई आसतंय म्हणत्यात."

"वेल्डरला उन्हाची काय भीती, आई? आम्ही रोज सूर्य हातात धरतो," दादा म्हणाला. तो असं बोलायचा. बरं वाटायचं ऐकायला.

तिथं विमानतळाबाहेर कंपनीचा माणूस उभा होता आणि त्यानं सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून घेतले, हे त्यानं पहिल्याच फोनवर सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. "सगळ्यांचेच घेतात. सांभाळून ठेवतात." त्या देशात बाहेरून आलेल्या कामगाराला सरकार थेट आत घेत नाही, तिथला एक मालक त्याची हमी घेतो. त्या मालकाला कफील म्हणतात. राहण्याचा परवाना कफीलच्या नावावर, दवाखान्याचं कार्ड त्याच्या सहीचं, सुट्टीवर घरी यायचं तरी त्याची परवानगी. आणि दुसरीकडे काम धरायचं असेल तर आधीच्या कफीलनं 'माझी हरकत नाही' असं लिहून द्यायचं. तो देत नसेल तर विषय संपला.

मला यात काही वावगं दिसलं नाही. शाळेत मी स्वतः ना हरकत प्रमाणपत्रं टाइप करत असे. शिक्षकांच्या बदल्या, मुलांची शाळा सोडणं, मैदान लग्नाला देणं, सगळ्याला ना हरकत. आमच्या सोसायटीत गच्चीवर टाकी बसवायलाही लागायचं. एक शिक्का, एक सही. माणूस अडकून मरावा असं त्यात काही असेल हे डोक्यात कसं येणार?

सुरुवातीची वर्षं बरी गेली. दादा दोनदा सुट्टीवर आला. येताना खजूर, जाड ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या. ब्लँकेटं पुण्यात कुणाला लागतात? पण आईनं आपलं ब्लँकेट भर मेमध्येही पायथ्याशी घडी करून ठेवलं होतं. मुलगी त्याच्यापाशी जायला आधी लाजायची आणि जवळ यायला लागली की त्याची सुट्टी संपायची.

दुसऱ्या सुट्टीनंतर तो परत गेला तेव्हा कंपनीचं पाइप जोडायचं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळालं होतं. वेल्डर मोकळे झाले. कंपनीनं त्यांना चर खणायला लावलं. वाळवंटात, उघड्यावर. उन्हाळ्यात दुपारी बाहेर काम करून घ्यायचं नाही असा नियम तिथंही होता. पण ती जागा शहरापासून इतकी लांब होती की नियम बघायला तिथं कोण येणार? पाण्याचा टँकर सकाळी यायचा, आणि पुन्हा केव्हा येईल ते ड्रायव्हरच्या मनावर. दादाची कंबर तेव्हापासून दुखायला लागली. तो गोळ्या खायचा. सगळेच खायचे. एका पाकिटातून वाटून.

त्याच शहरात दुसरी एक कंपनी त्याला घ्यायला तयार होती. वेल्डिंगचंच काम, छपराखाली. त्यानं मॅनेजरकडे ना हरकत मागितली.

"काय म्हणाला?" मी फोनवर विचारलं.

"म्हणाला, तुला दिली तर उद्या सगळेच रांग लावतील."

"मग सरळ घरी ये. नोकरी सोड."

"त्यालाही तोच सही करणार," दादा म्हणाला. "करार संपू दे म्हणतो. करार संपला की म्हणतो, बदली माणूस येऊ दे."

त्यानं आणखी एक उन्हाळा काढला. एके सकाळी सगळे ट्रकमध्ये चढत असताना तो कपड्यांची पिशवी घेऊन उलट्या दिशेनं चालत निघाला. शहराच्या कडेला गॅरेजांची वस्ती होती. तिथं एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याला वेल्डिंगचं काम मिळालं. कंपनीनं आठवड्याभरात तक्रार नोंदवली. मला त्यानं फोन केला तेव्हा हसत होता.

"मी फरार झालो."

"म्हणजे काय केलंस?"

"कामाला गेलो. दुसरीकडं."

त्या हसण्याचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

फरार माणसाचा परवाना रद्द होतो. तिकडच्या आपल्या लोकांच्या बोलीत अशा माणसाला खल्ली वल्ली म्हणतात, म्हणजे वाऱ्यावर सोडलेला. दादा वर्कशॉपच्या मागच्या खोलीत चारपाच जणांबरोबर राहायचा. एक बांगलादेशचा न्हावी, एक केरळचा सुतार, बाकीचे येत-जात असत. सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर तपासणी असायची म्हणून त्या दिवशी ते खोलीतच बसत. दवाखान्यात जायची सोय नव्हती, कारण तिथं पहिल्यांदा कार्ड मागत. त्याच्या पायांना सूज यायला लागली होती. ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही. आमचं बोलणं बहुतेक मुलीच्या अभ्यासाचं आणि आईच्या गुडघ्यांचं असायचं.

इकडे वहिनी आणि मी ऑफिसं पालथी घालत होतो. एजंटाच्या जागेवर मोबाइलचं दुकान झालं होतं. दुकानदारानं आम्हाला कव्हरं दाखवली. एका सरकारी ऑफिसात आम्ही सकाळी जाऊन बसलो, जेवणाच्या सुट्टीनंतर आमचा नंबर लागला. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे ते तिथून पळाले, आणि कुठे आहेत हे तुम्ही आम्हाला विचारताय?"

"कुठे आहेत ते आम्हाला माहीत आहे," मी म्हटलं. "त्यांना परत आणायचंय."

"मग येऊ देत की. आम्ही अडवलंय का?"

वहिनीनं पदर सारखा केला. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "नाही. तुम्ही नाही अडवलंत."

ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि वकिलातीचा पत्ता स्वतः एका चिठ्ठीवर लिहून दिला. आम्ही लिहिलं. वकिलातीचं उत्तर आलं की प्रकरण त्या देशाच्या कायद्याखाली येतं आणि मालकानं तक्रार मागे घेतल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही. मालकाला दादानं कधी पाहिलंही नव्हतं. तो मोठ्या घराण्यातला कुणीतरी होता, नाव फक्त परवान्यावर.

मग आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती काही उठली नाही. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला. वहिनी पहाटे एका कंपनीच्या कॅन्टीनला पोळ्या लाटायला जायची आणि आल्यावर आईचं सगळं करायची. मी शाळा सुटली की बस पकडून हडपसरला जायची. आईला दिवस कळेनासे झाले होते. दारात कुणीही आलं तरी ती विचारायची, "आला का?"

दादाला आम्ही सांगितलं. त्यानं आई काय खाते, काही बोलते का ते विचारलं. मग म्हणाला, "मी पोलिसात जातो. पकडून घेतो स्वतःला. पकडलं की परत पाठवतात."

ही गोष्ट त्यानं मला नीट सांगितली ती नंतर, घरी आल्यावर. तो आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून पोलीस ठाण्यात गेला. न्हाव्यानं त्याची दाढी केली होती. तिथल्या शिपायाला त्यानं सांगितलं की मी फरार आहे, मला अटक करा. शिपायानं यंत्रात नंबर घातला आणि म्हणाला, तुझ्या कंपनीच्या माणसाला घेऊन ये, तक्रार त्यांची आहे. दादानं कंपनीत फोन लावला. मॅनेजर म्हणाला, ये ना, चर अजून तिथंच आहे. दादा दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्यात गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा एक वयस्कर अधिकारी होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आई मरायला टेकली आहे हेही ऐकलं.

"मी दोन्ही हात असे पुढं केले," दादा म्हणाला, आणि त्यानं मला हात करून दाखवले. "म्हटलं, घाला बेड्या. त्यानं हातात चहा दिला. म्हणाला, तुला आत टाकलं तर वर्ष-वर्ष आतच राहशील, सही आल्याशिवाय विमानात बसवता येत नाही. त्यापेक्षा जा. मी तुला बघितलं नाही."

"मग?"

"मग काय? चहा प्यालो. चांगला होता."

आई गेली तेव्हा सकाळचे कुकर चाललेले होते सगळ्यांच्या घरी. भाचीनं, दादाच्या मुलीनं, फोन आईच्या तोंडासमोर धरला. दादाच्या मागे वर्कशॉपमध्ये कुणीतरी लोखंड कापत होतं, तो आवाज आमच्या घरभर भरला. त्यानं त्या माणसाला ओरडून थांबवलं. तो आईकडे बघत होता आणि त्याचं चित्र मधेच अडकायचं, तोंड अर्धवट उघडं. भाचीचा हात भरून आला तरी तिनं फोन खाली घेतला नाही.

अग्नी चुलतभावानं दिला. दादानं तिकडे केस उतरवले. त्या बांगलादेशी न्हाव्यानं. ती रीत त्या माणसाच्या धर्मातली नव्हती, तरी त्यानं विचारलं, "भाई, पीछे थोडा रखना है ना?" आणि मागे थोडेसे केस ठेवले. दादाला स्वतःलाच ते आठवत नव्हतं. हे सांगताना तो पहिल्यांदा रडला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या देशानं माफी जाहीर केली. कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांनी ठरलेल्या मुदतीत निघून जावं, त्यांना शिक्षा होणार नाही, मालकाची सहीही लागणार नाही. तिकडच्या वर्तमानपत्रात म्हणे त्याला सुधारणा म्हटलं होतं. दादा वकिलातीच्या दारात उन्हात रांगेत उभा राहिला, पासपोर्टऐवजी मिळणारा एकदाच वापरायचा कागद घेतला आणि आला.

आम्ही तिघी विमानतळावर गेलो होतो. भाची तेव्हा कॉलेजात होती. ती त्याच्या शेजारून पुढे गेली. ओळखलंच नाही. वहिनीनं ओळखलं. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा इतका उजळला की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"तब्येत सुधारलीय तुमची!" ती म्हणाली. "मला वाटलं होतं पार वाळून आला असाल."

गाल भरलेले होते खरे. रिक्षात ती मला दोनदा म्हणाली, "खायचे प्यायचे हाल नव्हते म्हणजे. बरं झालं बाई." घरी तिनं पुरणपोळी केली होती. तो अर्धी खाऊन उठला आणि मोरीत जाऊन ओकला. पायातले बूट काढले तर मोज्यांच्या कडांचे वळ घोट्यांवर खोल रुतलेले होते आणि तास झाला तरी ते भरून येईनात.

दुसऱ्या दिवशी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती. रिपोर्ट बघून तिनं खुर्ची पुढे ओढली.

"काका, तिकडे काम काय करायचात?"

"वेल्डिंग. मधे काही वर्षं चर खणले."

"उन्हात? पाणी किती प्यायचात?"

"टँकर आला की."

"आणि कंबरदुखीच्या गोळ्या?"

"रोज." दादा थोडा ओशाळून हसला. "त्याच्याशिवाय उठता येत नव्हतं."

तिनं वहिनीला बाहेर बसायला सांगितलं नाही, सगळं तिच्यासमोरच सांगितलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. वर्षापूर्वी आला असता तर काही करता आलं असतं, असं ती म्हणाली आणि मग तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. चेहऱ्यावरची सूज होती ती. वहिनी मान हलवत ऐकत होती. जिन्यावरून उतरताना ती मधल्याच पायरीवर बसली. "मी म्हटलं, तब्येत सुधारली," ती म्हणाली. "मी तसं कसं म्हटलं हो, ताई?"

डायलिसिस सुरू झालं. हातावरची शीर फुगली आणि दोरीसारखी वर आली. किडनी द्यायची म्हणून मी तपासण्या केल्या. मला साखर निघाली. वहिनीचं जुळलं नाही. भाचीनं विचारलं तेव्हा दादानं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तुझ्याकडून मी काही घेणार नाही. द्यायच्या वेळी मी होतो कुठं?" भाची तोंड फिरवून आत गेली. तिला त्या घरात वडील असण्याचीच सवय नव्हती. तो पुढच्या खोलीत असला की ती स्वयंपाकघरात जेवायची. तिरस्कार नव्हता त्यात. समोर बसून काय बोलायचं ते दोघांनाही येत नव्हतं.

सगळ्यात वाईट होतं ते पाणी. किडन्या बंद म्हणून पाणी मोजून. वहिनी सकाळी एका तांब्यात दिवसभराचं पाणी काढून ठेवायची, त्यातच चहा, त्यातच गोळ्या. एवढी वर्षं टँकरची वाट बघितलेला माणूस आता घरात, नळाच्या शेजारी बसून बर्फाचा खडा चोखायचा. तो चिडत नसे. एकदाच म्हणाला, "तिकडं पाणी नव्हतं. हितं हाय, तर प्यायचं न्हाई." आईसारखं बोलला, गावातलं. एरवी तो माझ्याशी असं बोलत नसे.

डायलिसिसच्या खोलीत एक टीव्ही होता. पण बातमी त्याला तिथून कळली नाही. त्या न्हाव्यानं फोन करून सांगितली. त्या देशानं कायदा बदलला होता. परदेशी कामगाराला आता मालक बदलायला ना हरकत लागणार नव्हती. देश सोडून जायलाही बहुतेकांना सही लागणार नव्हती. न्हावी फोनवर जवळजवळ ओरडत होता, खोलीतली इतर माणसं मागे हसत होती. कुणीतरी ताट वाजवत होतं.

मी त्या संध्याकाळी हडपसरच्या घरी होते. दादा पलंगावर उठून बसला होता, बऱ्याच दिवसांनी ताठ.

"आता जाता येईल," तो म्हणाला.

वहिनी पोळ्यांची कणीक मळत होती. "कुठं?"

"तिकडं. आता कुणाला विचारावं लागत नाही. आवडलं नाही तर दुसरा मालक धरायचा."

तो माझ्याकडे वळला. "तिकडं डायलिसिस करत असतील ना गं? मोठी हॉस्पिटलं आहेत. कार्ड असलं की करतात."

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत मी ते बघितलं. कारखान्याच्या गेटवर तो ज्या आशेनं बसून राहिला होता, तीच. वहिनीनं हात धुतले, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि बराच वेळ उघडलं नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा आडवा झाला आणि म्हणाला, "नुसतं म्हटलं."

मागच्या गल्लीत एक वेल्डर राहायचा, तिशीतला, नुकतीच बायको बाळंत झालेली. त्याची कंपनी चाकणच्या पलीकडे हलली होती आणि तो रिकामा होता. कायदा बदलल्याचं ऐकून तो दादाला विचारायला आला. जाऊ का?

वहिनी दारातच म्हणाली, "यांच्याकडे बघा. आणि मग विचारा."

"वहिनी, आता नियम बदललेत म्हणून विचारतोय," तो बिचारा खाली मान घालून म्हणाला.

दादानं त्याला जवळ बसवून घेतलं. जा असं म्हणाला नाही, नको असंही नाही. पासपोर्ट मागितला तर देऊ नको, कायद्यानं त्यांना घेता येत नाही, म्हणाला. पाणी स्वतःचं ने. कंबर दुखली तर गोळी खाऊ नको, सुट्टी घे. लघवी कमी झाली की काम सोड, त्याच दिवशी सोड. तो पोरगा मान हलवत होता आणि दादाच्या हातावरची ती फुगलेली शीर बघत होता. तो गेल्यावर वहिनी दादाला म्हणाली, "तुम्ही त्याला थांबवायला हवं होतं."

"हितं थांबून तो काय करील?" दादानं विचारलं.

तो पोरगा तिकडे गेला. आणि पुढच्या मेमध्ये दादाही गेला, कायमचा. वहिनी कॅन्टीनला होती, भाची खराडीला तिच्या ऑफिसात. तिला नुकतीच नोकरी लागली होती. दुपारी शेजारणीला खोकल्याचा आवाज आला, तिनं मला फोन केला. मी पोचले तोवर त्याला हॉस्पिटलात नेलं होतं. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. घरी परत आल्यावर आम्हाला दिसलं, माठ रिकामा होता. सकाळी वहिनीनं काठोकाठ भरला होता. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माठ उचलून पालथा घातला.

"तहान लागली असेल," ती म्हणाली.

भाचीनं अग्नी दिला. चुलतभाऊ पुढे झाला होता, पण ती म्हणाली, "मी आहे ना," आणि कुणी वाद घातला नाही.

वर्ष सरलं असेल. मी एका रविवारी वहिनीकडे गेले होते. मागच्या गल्लीतल्या त्या वेल्डरची बायको आली, कडेवर मूल, हातात पेढ्यांचा बॉक्स. आत यावं की नको अशी दारात घुटमळत होती. वहिनीनं बोलावलं.

तिच्या नवऱ्यानं तिकडे मालक बदलला होता. पहिल्या कंपनीनं त्याला उघड्यावरच्या कामाला लावलं. त्यानं फोनवरून अर्ज केला, नोटिशीचा काळ भरला आणि दुसऱ्या कंपनीत गेला. आता तो छपराखाली वेल्डिंग करत होता. कुणी अडवलं नाही. पोलीस नाहीत, काही नाही. पहिल्या मॅनेजरनं शिव्या दिल्या तेवढ्याच.

ती आनंदानं सांगत होती, पण वहिनीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. वहिनीनं पेढा घेतला. तोंडात टाकला. खाऊन संपवला.

"म्हणजे असं करता येत होतं," ती म्हणाली. "एवढं सोपं होतं ते."

"आता नियम बदललाय ना, काकू, म्हणून..." ती मुलगी म्हणाली.

"हो. तेच म्हणतेय मी. बदलता येत होता."

त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपण येऊन चूक केली. ती उठायला लागली. मीच मधे काहीतरी बोलले असेन, बाळाचं नाव वगैरे विचारलं असेल. वहिनीनं तिला हाताला धरून खाली बसवलं आणि चहा टाकायला गेली. आतून तिचा आवाज आला.

"सुट्टीवर केव्हा येतोय तो?"

"दिवाळीला म्हणतात."

"आला की आधी रक्त तपासून घे त्याचं. नाही म्हणाला तरी ने. गाल भरलेले दिसले तरी ने. आणि साखर किती घालू तुला?"